लिफ्ट विश्रांती घेते

मामांमुळे झालं. सरळ सांगतो, आडपडदा नाही. माझ्या आईचा सख्खा मोठा भाऊ, वय वर्षं साठ, आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी, आणि त्या दिवशी जे झालं त्याला तो एकटा जबाबदार. आता तुम्ही म्हणाल, मोठ्यांविषयी असं बोलू नये. का बोलू नये? मोठ्यांनी वाट लावायची आणि लहानांनी ती झाडायची, हा कुठला न्याय?

तुम्हाला सांगतो, या माणसाचं एकच पालुपद. "चांगली बाजू बघ, राजा!" कारखाना बंद पडून नोकरी गेली... "चांगली बाजू बघ, सकाळी फिरायला वेळ मिळतो!" मामी बॅग भरून माहेरी गेली, त्याला चार वर्षं झाली. कुणी विचारलं तर मामा काय सांगतात? "हवापालटाला गेलीय." चार वर्षं? अहो, एवढ्यात तिकडची हवाच पालटून म्हातारी झाली असेल!

बरं, हे स्वतःपुरतं ठेवावं की नाही? छे! सेक्रेटरी झाल्या झाल्या बिल्डिंगची तक्रारवही उचलली, वर नवा कागद डकवला, 'आशावही', आणि फतवा काढला की वाईट शब्द लिहायचा नाही. कुणी लिहिलाच, तर मामा लाल पेन घेऊन सुधारायला हजर. जिन्यातला दिवा गेला? 'जिन्यात डोळ्यांना आराम मिळतो.' टाकी फुटली? 'गच्चीवर मुबलक पाणी आहे.' आणि मी, मी माझ्या या हाताने लिहिलं होतं, 'लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळ अडकते, आतली घंटा वाजत नाही.' मामांनी काय करावं? 'लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळ विश्रांती घेते. घंटा शांत स्वभावाची आहे.' लिफ्टवाला महिन्याच्या महिन्याला यायचा, वही वाचायचा, सही ठोकायचा आणि चालू लागायचा.

आता माझं ऐका. माझा एक विषय राहिला होता. एकच! दोनदा बसलो, दोनदा आपटलो, ही तिसरी खेप. चौथी मिळत नाही, नियमच आहे. दहाचा पेपर, साडेदहानंतर आत घेत नाहीत. कॉलेज घरापासून पंधरा मिनिटांवर. मी नऊलाच निघालो, फोन घरी ठेवला, कारण नेऊ देत नाहीत. आणि सहाव्या मजल्यावरून जिन्याने उतरायला लागलो, तोच मागून हाक, "थांब रे, मी सोडतो तुला! आणि जिन्याने का? लिफ्टने चल. जिन्याने जाणं म्हणजे मनात शंका आली. शंका घेऊन पेपरला जाऊ नये."

मी म्हटलं, "मामा, ती अडकते."

"असं बोलल्यानेच अडकते!"

दारातून आईने टोला हाणला, "दादा म्हणतोय ना, मग ऐक की! प्रत्येक गोष्टीत मेलं तुझं तोंड वाकडं!"

गेलो. चूक माझी, की मी ऐकलं. तिसऱ्या मजल्याजवळ... धाड! थांबली. दिवा गेला. घंटेचं बटण दाबलं. घंटा शांत स्वभावाचीच निघाली. मामांचा फोन मागितला. "रेंज नाहीये!" मी ओरडलो. "नाही म्हणू नये, येतेय म्हणावं. चांगली बाजू बघ, राजा, उजळणीला एकांत मिळाला!" एकांत? काळोखात? कशाची उजळणी करू, स्वतःच्या नशिबाची?

मी दार बडवलं. बाहेरून आवाज आला, तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड शाळाबाईंचा, "कोण आहे आत? अडकलात का?" मी तोंड उघडणार, एवढ्यात या माणसाने... खोटं नाही सांगत... माझ्या तोंडावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "नमस्कार बाई! आम्ही अगदी मजेत आहोत! मामा-भाचे गप्पा मारतोय!"

"अगंबाई, हो का? चालू द्या, चालू द्या." चपलांचा सपक सपक आवाज लांब गेला. चालू द्या? बंद पडलेल्या लिफ्टमध्ये काय चालू देणार?

मी त्या हाताला चावलो. हो, चावलो! लाज वाटायची तर मामांना वाटावी, मला कसली? "वाचवा!" म्हणून अशी आरोळी ठोकली की बाई माघारी आल्या. "अहो, काय झालं?" आणि मामा, चावलेला हात झटकत, "काही नाही बाई, आज पेपर आहे ना, पोरगं उत्साहात आहे!"

बाई म्हणाल्या, "यशस्वी हो बाळा!" गेल्या. थेट बाजारात गेल्या, नंतर कळलं. मी पुन्हा तोंड उघडलं की तो हात पुन्हा तोंडावर, आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की मामांचं "मजेत आहोत!" तयार.

दहा वाजले. मामांच्या घड्याळाचे काटे काळोखात चमकतात, तेवढी एक चांगली बाजू. मी म्हटलं, "मामा, माझा दंड एवढा का आवळताय?" तर म्हणे, "उत्साहाने." अहो, घाबरलाय हा माणूस! नोकरी गेली तेव्हा घाबरला, मामी गेली तेव्हा घाबरला, आणि कुणाला हाक मारायची नाही म्हणून हसत बसला. याला आशा म्हणतात? तुम्हीच सांगा! ज्याला आशा असते तो बोंब मारतो, कारण त्याला वाटतं कुणीतरी ऐकेल! त्या डब्यात आशावादी एकच होता, आणि त्याच्या तोंडावर हात दाबला होता!

मग सुटलो कसे? मामांना लघवीला लागली. सव्वादहाला लागली, साडेदहापर्यंत चांगली बाजू बघितली, आणि मग या महापुरुषाने दोन्ही मुठींनी दार बडवत गळा काढला, "अरे मेलो! वाचवा! अडकलोय आम्ही! कुणी आहे का रे?" साठ वर्षांचा आशावाद एका लघवीपुढे टिकला नाही! आणि काय चमत्कार बघा, एका मिनिटात वॉचमन आला, पाचव्या मिनिटाला लिफ्टवाला आला. शेजारच्या गल्लीतच दुकान त्याचं! पाच मिनिटं! मामांनी नऊ वाजून दहा मिनिटांनी हीच बोंब मारली असती तर? दार उचकटून तो वही नाचवत माझ्यावरच डाफरला, "इथे लिहिलंय की लिफ्ट विश्रांती घेते. घेणाऱ्याला मी कशाला उठवू?"

धावत सुटलो. मामा एक मिनिट आडोशाला जाऊन मागोमाग. वर्गाच्या दारात सर उभे, घड्याळाकडे बोट. दहा पन्नास. मी हात जोडले. सर म्हणाले, "मला वाईट वाटतं रे, पण नियम आहे." मागून मामा धापा टाकत आले आणि म्हणाले, "सर, लिफ्ट अडकली होती." तुम्हाला सांगतो, उभ्या आयुष्यात तो माणूस पहिल्यांदा, लघवी लागलेली नसताना, खरं बोलला.

सरांनी दार लावून घेतलं. तिसरी खेप होती. माझं कॉलेज संपलं.