मगदूमांचा ओटा

दत्तमहाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. आता तुमच्या पायांवर नजर ठेवते. बाई पायांकडे का बघताहेत, असं वाटलं ना? कळेल. आजचं आख्यानच पायांचं आहे.

मंडळी, आधी एक प्रश्न. दुसऱ्याची वाट अडवू नये, हे पटतं का? — बघा, सगळ्यांच्या माना हलल्या! वाट अडवणं हे पाप, यावर इथं एकमत आहे. मग मला सांगा, वाट कुणी अडवलीय हे ठरवायचं कुणी? ज्याचं दार आहे त्यानं? ज्याच्याकडे शिक्का आहे त्यानं? की ज्याचा आवाज मोठा त्यानं? आता का गप्प झालात? पेटीवाले तर पेटीतच तोंड घालून बसले. असू दे. मघाशी या मंडपात शिरताना माझा पाय दोरीत अडकला. या ताईंनी धरलं म्हणून कीर्तनकारबाई उभ्या आहेत, नाहीतर आडव्याच. त्या दोरीचं नंतर बघू. आधी ऐका.

सांगलीच्या बाहेर, जिथं उसाची शेतं संपून प्लॉट पडायला लागले, तिथं आनंदबन नावाची कॉलनी आहे. नावात आनंद आहे, बन आहे. कॉलनीत काय आहे? मतं आहेत! पाणी कमी दाबानं येतं, त्यावर मत. कुत्री फार झालीत, त्यावर मत. दिवे दिवसा जळतात आणि संध्याकाळी विझतात, त्यावर तर मताला मत! आणि ही सगळी मतं पिकायची कुठं? मगदूमांच्या ओट्यावर.

हा ओटा तात्या मगदूमांनी नोकरीतून मोकळे झाल्यावर स्वतः उभं राहून बांधून घेतला. फाटकाला लागून, काळा दगड, वर घोटीव शहाबादी फरशी, टेकायला पाठ. कॉलनीतली झाडून सगळी शहाणी माणसं संध्याकाळी तिथं टेकायची. तात्यांच्या कुटुंबानं, कुमुदताईंनी, चहा करायचा आणि यांनी देश चालवायचा.

पुढं तात्यांचे डोळे गेले. काचबिंदूनं दोन्ही गेले. पण माणूस मोठा जिद्दीचा! पांढरी काठी घेतली, शिकले आणि एका गुरुवारी म्हणाले, "कुमुद, मी एकटा दत्ताच्या आरतीला जाणार. हात धरायला यायचं नाही." देऊळ त्याच ओळीच्या शेवटाला. रस्ता ओलांडायचा नाही. फुटपाथ सरळ. कुमुदताईंनी निरांजनात वात घातली आणि हसून म्हणाल्या, "या जाऊन."

वात लावायच्या आत बाहेर ब्रेक करकचून लागल्याचा आवाज झाला. मोटारसायकलचा धक्का. ओटा रिकामा, मंडळी आरतीला पुढं गेलेली. तात्या धक्क्यानं फेकले जाऊन रस्त्यात पडलेले, मनगट मोडलेलं.

मनगट जुळलं हो. मन नाही जुळलं. तात्यांनी काठी दाराआड टांगली आणि खुर्ची धरली. देवाला नको, अंगणात नको. बोलणं कमी झालं. जेवण कमी झालं. संध्याकाळी ओट्यावरचे आवाज खिडकीतून ऐकायचे, तेवढंच. कुमुदताईंना कळत होतं, हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या संपत चाललाय. त्यांनी पदर खोचला. म्हणाल्या, यांना पुन्हा त्यांच्या पायांनी देवळात पोचवीन, तरच नावाची कुमुद.

आता वाट अडवली कुणी? ओट्यावर यावर जोरदार चर्चा. दीक्षित सर म्हणाले, "सरळ आहे. आरवाडेच्या दुकानाचा पत्रा फुटपाथवर आलाय, खाली फ्रीज ठेवलाय. माणूस जाणार कुठून?" आरवाडे अण्णा किराणावाले. ते शेजारीच बसलेले. म्हणाले, "सर, माझं पोट हाय त्याच्यावर. तुमी फुटपाथवर तार मारून गुलाब लावलाय, त्याचं काय?" सर म्हणाले, "झाडं आहेत ती. प्राणवायू देतात." म्हणजे बघा, याचं पोट, त्याचा प्राणवायू, आणि अतिक्रमण? ते नेहमी दुसऱ्याचं! आपल्याकडे कुणाच्या घरी अतिक्रमण नसतंच मुळी. शेजाऱ्याकडे असतं.

कुमुदताईंनी मनात आरवाड्यांचा पत्रा धरला. त्यांच्या दुकानात जाणं सोडलं. कॉलनीभर सांगितलं, "त्या पत्र्यापायी माझा माणूस पडला." आरवाडे ऐकून घ्यायचे. उलट उत्तर दिलं नाही. पण दुकानात बसलेला माणूस, पुढून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेतून त्याला ते ऐकू यायचंच की.

पालिकेकडे खेटे झाले. साहेब म्हणाले, बघू. त्यांचंही मत अनुकूलच होतं! शेवटी एका संध्याकाळी ओटा भरलेला असताना कुमुदताई बाहेर आल्या. हातात तात्यांची काठी, आणि डोळ्यांवर पदर गच्च बांधलेला.

"वहिनी, हे काय करालाय ओ?" आरवाडे उठलेच.

"तोंडानं सांगून झालं," बाई म्हणाल्या. "आता चालून दाखवते. देवळापर्यंत कुठं कुठं अडकते ते सगळ्यांनी बघा. विशेषतः तुम्ही बघा, अण्णा."

फाटक उघडलं. देवळाच्या अंगाला वळल्या. पहिलं पाऊल. काठी पुढं केली.

ठक्.

मंडळी, पहिल्याच पावलाला! बाईंना कळेना. काठी डावीकडे नेली, दगड. वर नेली, दगड. आणखी जरा वर नेली, तर दीक्षित सरांचा आवाज आला, "वहिनी, ते माझे गुडघे आहेत."

पोरंसोरं हसली. बाई हसल्या नाहीत. वाट शोधत उजवीकडे सरकल्या. पायाखालची फरशी संपली, पाय खाली गेला, तळव्याला डांबर लागलं. आणि कानाशी रिक्षाचा भोंगा! रिक्षावाला ओरडून निघून गेला. बाई तशाच उभ्या राहिल्या. पदर सोडवत नव्हता. सोडला तर काय दिसणार, ते त्यांना कळलं होतं.

आरवाडे हळूच म्हणाले, "वहिनी, पुढं चला की. माझ्या दुकानापर्यंत आलाच न्हाई तुमी."

बाईंनी पदर सोडला. म्हणाल्या, "तुमच्या दुकानापर्यंत तेही आलेच नव्हते, अण्णा. मी वात लावायच्या आत पडले ते."

ऐकलंत? ज्या ओट्यावर बसून मंडळी वाट कुणी अडवली ते ठरवत होती, त्या ओट्यानंच वाट अडवली होती! सरकारी मोजणीत घरची जागा फाटकाशीच संपते. बाहेर सगळ्यांची वाट. आणि डोळे असताना कुणाला दिसलं का? नाही दिसलं. कारण आपण ज्यावर बसतो ते आपल्याला दिसत नाही. ते दिसायला उठावं लागतं.

बाईंनी भर ओट्यासमोर आरवाड्यांना हात जोडले. "कॉलनीभर तुमचं नाव घेतलं मी. आता कॉलनीभर फिरून माझं घेते." आणि खरंच गेल्या हो, ज्या ज्या दारात बोलल्या होत्या त्या त्या दारात. दुसऱ्याचं नाव घेत फिरणं सोपं असतं. आपलं घेत फिरून बघा एकदा.

मग घरात आल्या. तात्यांना म्हणाल्या, "अहो, ओटा काढायचाय."

तात्यांचा चेहरा पडला. "डोळे गेले. फिरणं गेलं. आता चार माणसांचा आवाज येतो खिडकीतून, तोही घालवतेस?"

इथं कुणाही बाईचा हात थांबला असता. पण त्या म्हणाल्या, "ही माणसं तुमच्याकडे येतात की ओट्याकडे, ते तरी कळू दे." कडू बोलल्या. बायकोच बोलू शकते असं. आणि अपघात नेमका कुठं झाला ते त्यांनी सांगितलं नाही. तात्यांनी हौसेनं तो ओटा बांधला होता, तो त्यांच्या अंगावर कसा टाकायचा?

सकाळी पहार घेऊन बाई स्वतः भिडल्या. गवंडी बोलावला तर तो आधी दहा जणांची मतं विचारत बसेल, हे त्यांना ठाऊक होतं. दीक्षित सर फाटकाशी आले. "वहिनी, आधी बाकीच्यांचं निघू द्या. आपणच का पहिलं?" बाई म्हणाल्या, "सर, देवळाकडे निघाल्यावर पहिलं आमचंच लागतं." आणि पहार मारली. दगड हलेना. पुन्हा मारली.

तो आवाज आत गेला. आणि मंडळी, दाराआडची काठी निघाली! इतके महिने न हललेला माणूस फाटकात आला. "कुमुद, थांब." काठी पुढं केली. ठक्. डावीकडे, दगड. उजवीकडे सरकले, पाय खाली गेला, डांबराला लागला. तात्या तिथंच थांबले.

"इथंच ना?"

बाईंनी पहार खाली टेकवली.

"मी आपला इतके महिने त्या पत्र्याला शिव्या घालतोय," तात्या म्हणाले. ओट्याच्या पाठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला. घोटीव फरशी, स्वतः उभं राहून बसवलेली. मग म्हणाले, "दे ती पहार. त्या कोपऱ्यात सिमेंट कमी पडलं होतं, मला माहीत आहे. तिथून सुटेल."

तिथून सुटला. पहिला दगड निघाला तेव्हा कुमुदताई रडल्या, ते मात्र दगडासाठी नव्हे.

पुढं काय झालं? सगळी कॉलनी सुधारली, असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण देवासमोर उभी आहे, खोटं कसं सांगू? आरवाड्यांनी फ्रीज आत घेतला, पत्रा कापला. ओट्यावरची काही माणसं पुन्हा फिरकली नाहीत, ती ओट्याचीच होती. काही येतात, घरात खुर्चीवर बसतात, चहा पितात. आणि दीक्षित सरांचे गुलाब? आहेत अजून! तात्या दर गुरुवारी निघतात. सरांच्या दाराशी पोचले की तारेवर काठी वाजवतात आणि उभे राहतात. रस्त्यावर उतरत नाहीत! सर बाहेर येतात, खाली मान घालून हाताला धरतात, पलीकडे पोचवतात. दर गुरुवारी. बघू, सर किती गुरुवार पोचवतात. तात्यांना घाई नाही.

तर मंडळी, वाट कुणी अडवली, हे विचारायचं कुणाला? ज्याला चालायचंय त्याला. बाकी सगळी मतं बसलेल्यांची.

आता ती दोरी. तुमचा हा मंडप छान आहे. उत्सव देवाचा, वर्गणी सगळ्यांची, कुणाच्या मनात काही वाईट नाही. पण दोऱ्या फुटपाथभर ताणल्यात आणि खांब वाटेवर रोवलेत. आणि तिकडे बघा. माझ्याकडे नको, मागं वळून बघा! रस्त्यापलीकडे झाडाखाली ते काका वॉकर धरून उभे आहेत. नमन झालं तेव्हापासून उभे आहेत. मला वाटलं, त्यांना लांबून ऐकायला आवडत असेल. मग दिसलं, दोनदा आले, दोरीपाशी थांबले आणि परत फिरले.

आरतीचं तबक ठेवा खाली. देव थांबेल, त्याला सवय आहे. पेटीवाले, तुम्हीही उठा. ती दोरी सोडा, तो खांब आत घ्या. मंडप जरा वाकडा दिसेल, दिसू दे. मी इथं उभी आहे. वाट मोकळी झाल्याशिवाय वात लागणार नाही.

हं. आणखी थोडा आत. बास.

काका, या. तुमच्यासाठीच थांबलोय.