अठराच्या आत

नाही हो, झोप कसली — रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि कारण ऐकाल तर हसाल, मुकादमकाका. वजन! केबिनच्या या पॅनेलचं नाही, ते बिचारं केलं तेवढंच राहतं. लेकीचं. गेल्या महिन्यात अठरा किलो चारशे होती, काल सतरा सातशे. साडेपाच वर्षांच्या पोरीचं वजन वाढायचं की घटायचं? डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, म्हणाले काही नाही, तुम्हीच जरा झोपत जा — आता मी झोपल्याने हिचं वजन वाढणार आहे का? बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय... हो, डोंगरावर वादळात टिकणारी केबिन बांधते मी, आणि माझ्याच वर्कशॉपातलं स्टूल डुगडुगतंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

उचलून बघताय? बघा, त्यासाठीच तर बोलावलंय. तीन दिवस तुमची माणसं हे पाठीवर घेऊन चढणार, तेव्हा शेवटचा शब्द तुमचा. दोन प्लायच्या मध्ये मेंढीची लोकर आहे, खिळा एकही नाही, सगळे स्क्रू — म्हणजे उद्या केबिन नकोशी झाली की उलगडून तशीच खाली आणता येते, आणि पुढच्या वर्षी तिथे गवत उगवतं. कोणी होतं तिथे, हेही कळायला नको. छान आहे ना? मला ही अट फार आवडते — हल्ली जरा जास्तच आवडते, पण ते सोडा. आधी हेच पॅनेल तेवीस किलोचं होतं. इथे खुर्चीत बसून तेवीस काय नि अठरा काय, कागदावर आकडाच. मग म्हटलं, आपण स्वतः चढून बघावं. वाळूची पिशवी घेता आली असती, सुतार म्हणालाही तसं, पण त्या दिवशी शाळेला सुट्टी, पोरगी इथेच, आणि नेमकी अठराच्या जवळपासची — ओढणीने बांधली पाठीला आणि चढले या इमारतीचे चार मजले. दहा वेळा. ती कानाशी पायऱ्या मोजत होती, चाळीसनंतर चुकायची आणि पुन्हा एकपासून. सातव्या खेपेला माझे गुडघे बोलायला लागले, तेव्हा ठरलं, अठराच्या वर काही नाही. ती मात्र अजून विचारते, आई, परत पायऱ्या कधी?

खरं सांगू? त्या महिन्यात मी तिला उचललं ते तेवढंच. बाकी सगळे दिवस 'हो बाळा, थांब बाळा'. आई म्हणून मी कशी आहे, विचारू नका — ड्रॉइंगवर चुकलं तर खोडता तरी येतं.

ते भिंतीवर लाल अक्षरात? मीच लिहिलंय, वजनकाट्याच्या वर, सगळ्यांना दिसावं म्हणून. सुतार एकेक स्क्रू वाढवत जातो, म्हणून. तिनेही विचारलं, काय लिहिलंय? वाचून दाखवलं — अठराच्या आत असेल तेच वर जाईल. तेव्हापासून शाळेतून आली की आधी काट्यावर. बूट काढून ठेवते, केसांतल्या क्लिपाही, शेजारी ओळीने. म्हटलं, चला, एवढं तरी वळण लागलं. डबा मात्र... ती बघा, त्या अर्ध्या केबिनमध्ये बसलीय ना, मांडीवर डबा — भरलेला असणार, पैज लावा. एरवी रिकामा दिसतो तो मांजरामुळे. सुताराचं मांजर महिन्याभरात केवढं गुबगुबीत झालंय!

हळू — म्हणजे मीच हळू बोलायला हवं, तुम्ही कुठे बोलताय. मंगळवारी तुमच्याबरोबर मीही निघतेय. दीड महिना. जोडणी दुसऱ्या कोणाच्या भरवशावर नाही टाकता येत. पोरगी नणंदेकडे राहील, नणंद चांगली आहे, माझ्यापेक्षा चांगली वेणी घालते — पोरीला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? रोज ठरवते, आज जेवताना सांगायचं, आणि ती जेवतच नाही.

आणि सगळ्यात वाईट काय, माहितीये? मला जायचंय. मागच्या आठवड्यात ऊब टिकते का बघायला त्या पूर्ण झालेल्या केबिनमध्ये दार लावून बसले. ऊब टिकली. दोन तासांनी सुताराने दार वाजवलं, तेव्हा उठावंसं वाटेना. नवरा बोटीवर असतो, चार महिन्यांनी येतो, फोनवर दोघं एकदम बोलतो आणि एकदम गप्प होतो. घरी ती झोपली की मी भांड्यांशी बोलते — हसू नका, कढई चांगलं ऐकते. वर त्या केबिनमध्ये एक माणूस सहा महिने एकटा राहणार, वारा-पाऊस मोजत. मला सगळे विचारतात, तो कंटाळणार नाही का? म्हणून त्याच्या टेबलासमोर खिडकी दिलीय, मुद्दाम पायवाटेकडे, कोणी येत असलं तर लांबूनच दिसावं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे आहे, एवढंच.

अरे, बांधलंतसुद्धा? पट्टा खांद्याला काचत नाही ना? चालून बघा — वा! तुमच्या पाठीवर तर दप्तर वाटतंय. म्हणजे पास? बोला की काहीतरी. मान हलवलीत, चालेल.

काय गं? आलीस का बाहेर? काकांच्या मध्ये येऊ नको, लागेल — आणि बूट का काढतेयस, खाली भुसा आहे, स्क्रू पडलेत... बरं, चढ काट्यावर, चढ, एकदाची हौस फिटू दे. किती? सतरा सहाशे. बघितलंत, काका? काल सातशे होते. अगं, तू खात का नाहीस? सांग ना मला. मी ओरडणार नाही. काकांसमोर सांग हवं तर —

"आई, मी आत आहे ना आता? मग काकांना सांग, मलापण बांधा."