हनुवटीवरची हळद

आमी मूळचे वेळापूरचे, पर माजा जलम सोलापुरातला, भवानी पेठेतला. वडील मागावर टॉवेल विणायचे, त्येंची दाढी अशी दाट की सकाळी केली तर दिवेलागणीला परत हिरवीगार. बापाचं म्हणून भावाला घर मिळालं आन् मला मिळाली दाढी. हसा की ताई, लाजताय कशापायी, मी सवता हसते. शाळेत हुते तवापास्नं हनुवटीवर केस यायला लागलं, लव न्हवं, चांगलं राठ, गड्यावानी. आई हुती तवर दोऱ्यानं काढायची, डाळीचं पीठ चोळायची, आन् चोळता चोळता रडायची. आई गेली आन् मी भावाच्या संसारात ऱ्हायले, म्हंजे वैनीच्या हाताखाली.

वैनी गोरी, तोंड कसं सोललेल्या अंड्यावानी. ती मला पावण्यारावळ्यांम्होरं हाक मारायची, अवो दाजी, जरा च्या ठेवता का. समदी हसायची, माजा भाऊ बी हसायचा. काय सांगू तुमाला, वैनीचं मला कवा लागलं न्हाय, ती परक्याची लेक, पर भाऊ हसला की लई लागायचं.

मी शाळेचं युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला लागले, अजून तितंच हाय, कॉलर बसवते. स्थळं यायची, च्या पिऊन जायची, कळवतो म्हणायची, आन् कोन कळवायचं न्हाय. मंग एक जमलं. पोरगा चिंचोळी एमआयडीसीत कंपनीत कामाला, सरळ, बोलायला कमी. बगायला आली तवा वैनीनं मला पावडरीनं लिंपून उजेडाकडं पाठ करून बशिवलं हुतं. ठरलं. आन् ठरल्या ठरल्या वैनी म्हणाली, आता ह्ये दाढीचं कायमचं मिटवून टाकू, तिकडं कळलं तर माघारी पाठवतील, मंग मी जलमभर सांभाळू का हिला? आशी मी लेजरला गेले. माज्या सुकासाठी न्हाय हं, मी घरातनं जावं म्हणून.

दवाखान्यातली मॅडम चांगली हुती. ते यंत्र लावलं की रबर ताणून सोडल्यावानी चट् चट् लागायचं, आन् मंग तोंड लाल. मॅडमनं दर खेपेला तेच सांगायचं, उन्हात जायचं न्हाय, जायचंच पडलं तर उन्हाचं मलम लावून तोंड बांधून जायचं, गरम पाणी न्हाय, वाफ न्हाय, घासायचं न्हाय, केस आपसूक गळत्यात ते उपटायचं न्हाय, आग झाली तर बर्फ फडक्यात गुंडाळून नुसता टेकवायचा, आन् घरचं काय बी लावायचं न्हाय, लिंबू न्हाय, हळद न्हाय. हळद म्हणल्यावर वैनी फिस्सकन् हसली, म्हणाली मॅडम, हळदीनं कवा कुणाचं वाईट झालंय?

केस कमी झालं हुतं बगा, लई कमी. मी आरशात बगायला लागले, आदी आरसा दिसला की मान फिरवायची. पर लगीन तोंडावर आलं तवा हनुवटीखाली बारीक खुंट दिसाया लागलं, आन् वैनीनं त्यावर बोट फिरवून बगितलं. म्हणाली आजून एकदा करून घे, म्हंजे अंतरपाट पडला की चकचकीत. मॅडमनं इचारलं, लगीन कवा हाय? मी तोंड उघडायच्या आत वैनी म्हणाली, हाय अजून लांब. आन् हळद हुती परवा.

आमच्यात उष्टी हळद असती, नवऱ्याला लावून उरलेली हळद त्येच्या घरच्या बाया घिऊन येत्यात आन् नवरीला लावत्यात. गच्चीवर मांडव, वैशाखाचं ऊन, पत्र्याची झळ. माजं तोंड आदीच हुळहुळत हुतं. बाया हळद घिऊन आल्या, हाताला लावली, पायाला लावली, तोंडाकडं हात आला की मी मान मागं घ्यायची. एकदा घेतली, दोनदा घेतली, तिकडची एक म्हातारी म्हणाली, का गं, तोंड का लपवतीस, काय हाय तितं? मी वैनीकडं बगितलं. तिला ठावं हुतं, ताई. ती एक शब्द बोलली असती, हिला तोंडाला सोसत न्हाय, एवढंच, तरी भागलं असतं. ती उठली, मूठभर हळद घेतली, हसत हसत म्हणाली लाजतीय हो आमची पोर, आन् माजी हनुवटी धरून चोळली. वरवर न्हाय, भांडं घासावं तशी चोळली, आन् कानात म्हणाली, गप बस, डोळ्यातनं पाणी काढशील तर बग. बाया गाणी म्हणत हुत्या. मी गप बसले.

मंग न्हाणं. कडकडीत पाणी, आन् हळद निघंना म्हणून पंच्यानं खसाखसा पुसलं. सांच्यापातुर हनुवटीवर फोड आलं, पाण्याचं, टरारलेलं. ते बगून वैनीनं काय केलं असंल? परत हळद लावली. दुसरं सुचलंच न्हाय की तिला, भाजलं कापलं की हळद, एवढंच तिला ठावं. रातभर आग आग झाली आन् दुसऱ्या दिशी भर दुपारचा मुहूर्त, उन्हातनं मिरवत नेली मला, वर पावडरीचा लेप.

अंतरपाट पडला तवा नवऱ्यानं बगितलं आन् डोळं खाली घेतलं. पर हार घातला. तिकडं गेल्यावर फोड फुटलं, कातडी सुटली, खाली काळं निघालं. सासू म्हणाली आंगात काय रोग हाय हिच्या. नवऱ्यानं मला येकटीला इचारलं, खरं सांग, मी कुणाला सांगत न्हाय. गरिबावानी बोलला. मी इस्वास ठिवला, समदं सांगितलं. त्यानं उठून सरळ आईला सांगितलं. सासू दारात येऊन म्हणाली, म्हंजे सून म्हणून गडी आणला व्हय आमी? पाचपरतावनाला म्हणून माहेरी धाडलं, नवी साडी नेसवून, वटी भरून. न्यायला कोन आलं न्हाय.

भावानं जाब इचारला न्हाय. वैनी पेठेत सांगत फिरली, हिनं दवाखान्यातलं काय ऐकलं न्हाय, मनचं केलं आन् तोंड जाळून घेतलं. मी जिन्याखालची खोली धरली, आन् ती रोज वर जाता येता मला बगते, मी बी बगते तिला. डाग हाय तसाच हाय, ह्यो बगा, हितं अंगठा आन् हितं बोटं, तिचाच हात हाय त्यो. आन् गंमत सांगू का, त्याच डागातनं केस परत आलं. मी आता उघड दारात बसून वस्तऱ्यानं करते, कुणाच्या बापाला भीत न्हाय.

मंग देवानं काय केलं बगा. वैनीची लेक गौरी मोठी झाली, आईवानी गोरी, नाकीडोळी आईवानी, आन् हनुवटीला आमच्या घराण्याची दाढी. वैनी माज्या खोलीत आली, पयल्यांदाच उंबरा वलांडला तिनं, म्हणाली सुमन, तूच घिऊन जा गं तिला दवाखान्यात, तुला म्हायती हाय समदं. गेले की. पोरीचा काय दोष. पर बर्फ धरायला वैनीलाच बशिवलं. मी सांगायचं, दाबू नको, नुसता टेकव, आन् तिनं नुसता टेकवायचा. उन्हात निगाली की मी म्हणायची, वैनी, मलम इसरलीस, पोरीचं तोंड जळंल की. तिचा चेहरा पांढरा पडायचा. लई ग्वाड वाटायचं, खोटं कशाला सांगू.

औंदा गौरीचं लगीन ठरलं. शेवटचं लेजर लग्नाच्या लई जवळ आलं, त्येच भ्या, आन् वैनीनं तिकडच्या माणसांना काय सांगितलं नव्हतं. हळदीच्या आदल्या दिशी आली, पाया पडायचीच बाकी, म्हणाली तू तिच्या शेजारी बस, कुणाला तोंडाला हात लावू देऊ नको. मी म्हणले, मी? टाकलेली बाई? हळदीला माजा हात चालतो व्हय? इतकी वरसं मला मागं बशिवलंस ते कसं इसरलीस? तूच सांग की बायांना, लेकीनं लेजर केलंय, हळद लावू नका म्हणून. ती म्हणाली, सोयरीक मोडंल गं. मी म्हणले, मंग चोळ तुज्या हातानं.

हळदीला मी आपली मागं, पाण्याच्या टाकीपाशी. उष्टी हळद आली. हात झालं, पाय झालं, गौरीनं मान मागं घेतली, आन् गौरीची सासू म्हणाली, का गं पोरी? परत तेच, ताई, तोच शब्द. वैनी उठली. ताटलीतली हळद हातात घेतली. माज्याकडं बगत हुती. मी हाललेच न्हाय.

गौरीनं आईचं मनगट धरलं. म्हणाली, आई, तोंडाला न्हाय. मी लेजर केलंय, आत्याचं तोंड बग.

मला वाटलं झालं, मोडलं. गौरीची सासू पुढं वाकली, पोरीची हनुवटी उजेडाकडं करून बगितली, आन् म्हणाली, अगं मंग आदी सांगायचं की, आमच्या थोरलीनं बी केलंय. पायाला लावा गं हिला, तोंड ऱ्हाऊ द्या. आन् गाणं सुरू झालं.

एवढंच हुतं, ताई. एवढंच. वैनी हुबीच, हळदीचा हात तसाच वर. मी तिच्याजवळ गेले, म्हणले, बगितलंस का, असं सांगायचं असतं.

गौरी सुकात हाय, तोंड निर्मळ हाय, देव तिला अशीच ठिवू दे. वैनीसाठी बी मी रोज हात जोडते, खरंच जोडते. म्हणते, तिला लई आयुक्ष दे, डोळं शाबूत ठिव, आन् जिना उतरताना रोज सकाळी तिला माजं तोंड दिसू दे.