नाव नाही, नुसता मजला

त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय लुळा आहे — इकडे बस, खिडकीपाशी. हं, तर समितीपुढे मी साक्ष द्यावी, असं तुझ्या आईचं म्हणणं? बातमी कुणी दिली हे पत्रकाराला विचारायचंच नाही, असा कायदा होतोय — व्हायलाच हवा! पण मी? ‘अकरा दिवस कोठडीत काढले, पण माझं नाव सांगितलं नाही’ — अजून म्हणते ती असं? अजून?

बरोबरच आहे म्हणा, नाव नाही सांगितलं. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणालो. सुटलो तेव्हा लोकांनी खांद्यावर घेतलं मला. नळाच्या पाण्यात शिसं आहे, असं दाखवणारे प्रयोगशाळेतले कागद तुझी आई डब्याच्या पिशवीतून घेऊन आली, म्हणून तर शहराला कळलं — आणि कौतुक माझं! तिची नोकरी मात्र मी आत असतानाच गेली. कसं कळलं त्यांना, घरात कधी बोलला नाहीत? साहेबाला संशय आला असेल, म्हणते? हो, ती असंच म्हणणार.

ऐक. आठव्या दिवशी एक अधिकारी आला. दमदाटी नाही, काही नाही — उलट पांघरूण आणलं होतं त्याने माझ्यासाठी. म्हणाला, ‘नाव राहू द्या हो तुमच्यापाशी, नुसता मजला सांगा. प्रयोगशाळेच्या सगळ्या इमारतीला कशाला त्रास?’ माझा दमा उसळला होता — नाही, थांब, ही सबब झाली. ठणठणीत होतो मी. घरी जायचं होतं, एवढंच. म्हटलं, तिसरा. आणि तिसऱ्या मजल्यावर माणसं किती? साहेब आणि तुझी आई. दोनच! मला ठाऊक नव्हतं, असं बायकोला सांगितलं, संपादकांना सांगितलं — ठाऊक होतं गं. तो जिना मीच चढलो होतो, दोनदा. तीन दिवसांनी मला सोडलं. का सोडलं, ते खांद्यावर घेणाऱ्यांपैकी कुणी विचारलंसुद्धा नाही.

अशी बघू नकोस. तेव्हा कायदा असता तर त्याला विचारताच आलं नसतं, खरंय — पण त्याने विचारलं म्हणून मी सांगायलाच हवं होतं का? आईला सांगू नकोस यातलं, या वयात तिला — नाही. सांग. आजच सांग. तरीही ये म्हणाली, तर येईन समितीपुढे, आणि हेच बोलेन. जा आता. रडायचं तर बाहेर जाऊन रड, बाळ — माझ्यासमोर नको.