सांगून मारलेली पेनल्टी

फुटबॉलचा विषय निघालाच आहे तर आमच्या नामदेवभाऊचं ऐका. हिंगणघाटचा आमचा क्लब त्यानंच उभा केलेला. दिवसा कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करायचा अन् संध्याकाळी गोलमध्ये उभा राहायचा. सन पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास त्याची नजर अधू व्हायला लागली. आम्हाला कळत होतं, पण "भाऊ, आता पुरे" असं म्हणणार कोण?

मग वडनेरच्या टीमशी मॅच झाली अन् त्यांना पेनल्टी मिळाली. त्यांच्या कॅप्टनलाही भाऊच्या डोळ्यांचं ठाऊक होतं. बॉल ठेवता ठेवता तो मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, तुमच्या उजव्या हाताले मारून राह्यलो." अन् खरंच तिकडंच हळू मारला. भाऊनं अडवला. सगळं मैदान ओरडलं, भाऊ मात्र हसला नाही. मॅच संपल्यावर त्यानं हातमोजे काढून माझ्याकडे दिले.

"आता दुसऱ्याले उभा कर. समोरचा सांगून मारते, म्हणजे माहं झालं."

पण मैदान काही सुटलं नाही. पुढं त्याची नजर पुरतीच गेली अन् माझा गुडघा गेला. मग आम्ही दोघं लाइनीजवळ बसायचो अन् मी त्याला सगळा खेळ सांगायचो. एकदा आपली टीम तीन गोलांनी मागं होती. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो, "बरोबरीत आहो, भाऊ."

त्यानं चाचपत माझा खांदा धरला.

"अरे गड्या, माहे डोये गेले, कान नाई. समोरचे तीनदा नाचले, ते काय आपल्या बरोबरीसाठी?"