ऐंशी दिवसांची हजेरी

उभी का, बस त्या स्टुलावर — सातवा लागला ना तुला? — बस. मघाचंच परत सांगते, प्रगती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू रोजंदारीवर. बाळंतपणाची पगारी रजा कायमच्या बायांना. दीप्ती मॅडमना मिळाली, सहा महिने घरी बसून डिंकाचे लाडू खाल्ले — खाईनात का, मला काय त्याचं! आणि मोबाईल कशाला पुढे करतेस? कोणी पाठवलं हे? — संदीपने? शहाणाच आहे तुझा नवरा. बरं, आहे. रोजंदारीलाही आहे. वर्षात ऐंशी दिवस काम भरलं की सव्वीस आठवडे, पगारासकट. मला काय ठाऊक नाही? एकोणीस वर्षं कारकुनी करतेय मी या संस्थेत.

पण तुझे भरत नाहीत ना! अठ्ठ्याहत्तर होतात. भाताच्या आवणीला तू जामसरच्या शेतात, आणि इथे तुझ्या नावावर भाकऱ्या थापायला नणंद, माघी. सगळ्याच करता तुम्ही अशी बदली. मी कानाडोळा करते, कायदा कशाला करेल? — काय? माघीचे सोडूनच मोजलेस? चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा? रोज एक? — आणि ऐंशी भरल्या?

हुशार गं बाई. मी नाही ओढल्या रेघा. माझ्या बाळंतपणात मीही रोजंदारीवरच होते, याच टेबलाशी. मला कोणी सांगितलं नाही — मी तरी कुठे विचारलं? विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. एकविसाव्या दिवशी कामावर हजर. माझा सर्वेश, वीस दिवसांचं बाळ, पोशेऱ्याला सासूकडे. इथे पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचा, मी फाईल छातीशी धरून बसायची. तो तिलाच आई म्हणायला लागला — अजून म्हणतो, एवढा मिसरूड फुटलेला मुलगा! मला म्हणतो कुसुम. आजी हाक मारते ना, तशी. आणि तू सहा महिने पोर मांडीवर घेऊन बसणार, वर पगार, आणि ते मी माझ्या हाताने लिहून द्यायचं? जीव जळतो माझा, खोटं कशाला बोलू! म्हणून तर त्या दोन दिवसांवर मी लाल शाईची फुली —

नाही, तसं नव्हे. कामावर नसशीलच तू. — अगं, रजिस्टर कशाला ओढतेस? प्रगती! ठेव ते खाली. फोटो काढू नकोस. — अशी बघू नकोस माझ्याकडे. जा. पोरांच्या जेवणाची वेळ झाली, जा तू.