सत्तेचाळीस नंबरची ट्यूब

ताई : म्हणजे झाकण अंगठ्याने उडवलं की रक्ताच्या ट्यूबमागे तीन सेकंद वाचतात. दोनशे चाळीस ट्यूबा, बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांचं करणार काय होतीस?

धाकटी : साडेपाचला खोली बघायला जायचं होतं हो. घरमालक थांबत नाही म्हणे कुणासाठी. ताई, पाणी फार गार आहे.

ताई : असू दे गार. डोळा उघडा ठेव. हात खाली, चोळायचं नाही. पंधरा मिनिटं धुवायचा, आता कुठे तीन झाली. तोंडासमोर लावायची काच कुठे होती?

धाकटी : खुंटीला. तिच्यावर वाफ धरते, लेबलं दिसत नाहीत.

ताई : आणि झाकणावर दाबायचा गॉजचा तुकडा?

धाकटी : तुम्ही तरी कुठे दाबता? आठ महिने तुमच्या शेजारी उभी आहे मी. हा अंगठा तुमचाच बघून शिकलेय.

ताई : खरं आहे. सोळा वर्षांची खोड आहे माझी. मान वाकडी कर, नाहीतर पाणी दुसऱ्या डोळ्यात जाईल. धुऊन झालं की अपघाताचा फॉर्म भरू.

धाकटी : फॉर्म नको, ताई. शुक्रवारी कायम करायची यादी लागतेय. साहेबांना नाव खोडायला निमित्तच हवंय. पाहिलंय कुणी? तुम्ही आणि मी. जेमतेम एक थेंब उडाला डोळ्यात.

ताई : थेंब मोजून देत नाही गं कुणी आजार. कोणत्या रॅकमधली ट्यूब?

धाकटी : तुमच्या. तुम्ही स्टोअरला गेला होता ना, म्हटलं तेवढंच तुमचं काम हलकं करावं. भलेपणा करायला गेले आणि हे असं. पण काळजी करू नका, चिठ्ठी वाचलीय मी. नुसती लिव्हरची तपासणी होती. संसर्गाचं काही नव्हतं.

ताई : चिठ्ठीवर काय तपासायचं ते असतं. रक्तात काय आहे ते नसतं. म्हणून प्रत्येक ट्यूब आजारीच समजायची. नंबर किती?

धाकटी : सत्तेचाळीस. गंमत म्हणजे नावाच्या जागी नावच नाही. कुणी हा धांदरटपणा केला कोण जाणे.

(पाणी वाहत राहतं. ताई वळून रॅककडे बघते.)

धाकटी : ताई? गेलात का?

ताई : इथेच आहे. पापणी मी धरते. नीट ऐक. तोंड वर करू नकोस. इथून उठलीस की सरळ डॉक्टरांकडे. आज, आत्ता.

धाकटी : उद्या जाते ना. त्या ट्यूबची सगळी तपासणी लावू आपण गुपचूप. उद्या दुपारी कळेलच काय आहे ते.

ताई : उद्यापर्यंत थांबायचं नाही. गोळ्या द्यायच्या तर काही तासांत सुरू केलेल्या बऱ्या. ते रक्त एचआयव्हीचं आहे.

धाकटी : तुम्हाला काय माहीत?

ताई : माझं आहे.

धाकटी : काय म्हणालात?

ताई : औषधं लिव्हरला झेपतात का, ते सहा महिन्यांनी बघावं लागतं. माझं मीच बघते. नाव कसं घालू?

धाकटी : सोडा. सोडा माझा डोळा, मी धरते.

ताई : हातमोजे आहेत माझ्या हातात. आणि नसते तरी स्पर्शाने काही होत नाही. हे तू परीक्षेत लिहून पास झालीस.

धाकटी : माहीत आहे. मला माहीत आहे हो. पण अंग आपोआप मागे गेलं.

ताई : तुझं नुसतं अंगच गेलं. बाकीच्यांचं काय काय मागे जातं ते मी पाहिलंय. धर, तूच धर. पापणी वर ओढ.

धाकटी : कसं झालं तुम्हाला?

ताई : तो रकाना तुझ्या फॉर्मवर नाही.

धाकटी : मी मरणार का?

ताई : नाही. चार वर्षं औषध चुकवलेलं नाही मी. तपासणीत विषाणू दिसतसुद्धा नाही. धोका अगदी थोडा. पण थोडा म्हणजे किती, ते डॉक्टर ठरवतील. त्यासाठी त्यांना रक्त कुणाचं ते कळायला हवं. औषध कोणतं चालू आहे, तेही.

धाकटी : मग फक्त डॉक्टरांच्या कानात सांगा. फॉर्मवर नंबरच लिहा. फॉर्म साहेबांकडे जातो. तिथून ऑफिसात. ऑफिसातून…

ताई : ऑफिसातून चहाच्या टेबलावर. रस्ता मला ठाऊक आहे.

धाकटी : मग नका ना लिहू. इतकी वर्षं लपवलंत.

ताई : नंबरला नाव नसलं की साहेब म्हणतील, बिननावाची ट्यूब, चूक हिचीच. शुक्रवारची यादी विसर मग. नाव लिहिलं की ट्यूब लपवली मी, खोड माझी. तू फक्त मदत केलीस. पंधरा मिनिटं झाली. बंद कर पाणी.

धाकटी : ताई, नका लिहू.

ताई : लिहिलं. वाळू दे शाई. तुला फार तर अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. माझं काय, ते उद्या चहाला माझ्याशेजारी कोण बसतं त्यावरून कळेल.

धाकटी : मी बसेन.

ताई : तुला उद्या सुट्टी देतील, वेडे. जा, आधी डॉक्टरांकडे.